पुन्हा बाकावर

साल २००५. उन्हाळ्याचे दिवस. मराठवाड्यात तेव्हा भारनियमनाने लोक मेटाकुटीला आले होते. अंबाजोगाईच्या बाजारात एका वह्या-पुस्तकांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावरच्या खोलीत संगणकाचा वर्ग भरत असे. दाराशी पाटी होती, ‘चपला बाहेर काढाव्यात’. आत दहा संगणक, खिडक्यांना जाड पडदे आणि वीज गेली की टीं-टीं करून सगळ्यांच्या छातीत धडकी भरवणारा बॅटरीचा खोका. संध्याकाळच्या तुकडीत आम्ही बाप-लेक शेजारी शेजारी बसत असू. मी तेहतीस वर्षांचा, कचेरीतला कारकून. अब्बा एकोणसाठ वर्षांचे, आदल्याच वर्षी सेवानिवृत्त झालेले.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मॅडमनी इंग्रजीतला एक परिच्छेद टाइप करायला दिला. अब्बांची बोटे भराभर चालू लागली. ओळ संपत आली तसा त्यांचा डावा हात आपोआप वर उठला आणि पडद्याच्या कडेला हवेतच काहीतरी ढकलून खाली आला. दुसरी ओळ संपली, पुन्हा तेच. मागच्या रांगेतली पोरे फिसकन हसली. सदतीस वर्षे टाइपरायटरवर बसलेल्या माणसाचा तो हात होता. ओळ संपली की घंटी वाजते, डाव्या हाताने दांडा ढकलायचा आणि गाडी पुन्हा सुरुवातीला आणायची, हे त्या हाताच्या हाडात मुरलेले होते. इथे दांडा नव्हता आणि घंटीही नव्हती. हाताला मात्र ते कळत नव्हते.

खरे सांगायचे तर पोरे हसली तेव्हा मी मान खाली घातली. घरी येताना म्हणालो, ‘अब्बा, आता कशाला हा त्रास? तुम्हाला ना बढती हवी, ना वेतनवाढ.’ ते काही क्षण चालत राहिले. मग आमच्या घरच्या दखनीत म्हणाले, ‘दादा पैंतीस में सिके. मेरेकू साठ में नै आता क्या?’

अब्बांच्या या एका वाक्यात आमच्या घराचा आणि आमच्या भागाचा पन्नास-साठ वर्षांचा इतिहास आहे. आज तोच सांगायचा आहे. संगणकाचे प्रमाणपत्र मिळवणारा प्रौढ माणूस ही एकविसाव्या शतकाची नवलाई आहे असे आपल्याला वाटते. ते तसे नाही. सरकारी कचेरीतल्या माणसाला मध्यम वयात पुन्हा बाकावर बसवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे.

दादा म्हणजे माझे आजोबा. ते निजामाच्या राज्यात तहसील कचेरीत अहलकार होते. अहलकार म्हणजे कारकून. आमच्या गावाचे नाव तेव्हा सरकार दरबारी मोमिनाबाद असे होते. मुकुंदराजांचे आणि दासोपंतांचे हे गाव, बाजारात आणि शेतात मराठीच बोलायचे. पण हैदराबाद संस्थानात १८८४च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली होती. गावपातळीवरची दप्तरे मराठीत, बहुधा मोडीत असत. तहसिलीपासून वर मात्र सगळा व्यवहार उर्दूत. दादांना उर्दू उत्तम येई, शिकस्ता म्हणजे धावते, तुटक वळणाचे हस्ताक्षर तर फारच सुरेख. मराठी बोलत, पण लिहिता येत नव्हती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. पोलीस कारवाईनंतरचे ते दिवस मराठवाड्यातल्या अनेक मुसलमान कुटुंबांना फार कठीण गेले. दादांची नोकरी राहिली, पण ज्या भाषेवर ती उभी होती ती भाषा हळूहळू कचेरीतून निघून चालली. दादा तेव्हा पस्तीस वर्षांचे होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. पण दादांनी त्या तारखांची वाट पाहिली नाही. त्यांनी आधीच एक वही घातली होती.

ती वही आजही माझ्याकडे आहे. शाळेची साधी रेघी वही. प्रत्येक पानावर एका बाजूला बाळबोध अक्षर, समोर त्याच्या उच्चाराचे उर्दू अक्षर. पुढे शब्द सुरू होतात. पहिली अनेक पाने त्यांची मराठी ओळ उजव्या कडेला चिकटून सुरू झालेली दिसते. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. पस्तीस वर्षांचा तो हात सवयीने उजव्या कडेला जायचा, मग भान येऊन अक्षर डावीकडून उजवीकडे काढायचा आणि कागद संपायचा. अब्बांचा हवेतला डावा हात पाहिला तेव्हा मला ती वही आठवायला हवी होती. आठवली नाही, हा माझा दोष.

त्या वहीतली शब्दांची यादी पाहण्यासारखी आहे. अर्ज, तारीख, नक्कल, मिसल, वसूल, जमाबंदी, दाखला, हुकूम, तक्रार. दादांच्या लक्षात आले होते की मराठी कचेरीतले हे शब्द त्यांना परके नाहीतच. फारसी-अरबीतून आलेले हे शब्द मराठीने कितीतरी शतके आपल्या घरात ठेवले होते. बदलली होती ती लिपी आणि वाक्य बांधण्याची रीत. ओळखीच्या शब्दांचा हात धरून ते अनोळखी लिपीत शिरले. प्रौढ माणूस शिकतो तो असा. त्याला पाटी कोरी करून बसता येत नाही. त्याच्या पाटीवर आधीच पुष्कळ लिहिलेले असते आणि शिकवणाऱ्याला वाचता आले तर त्यातलेच बरेच कामाला येते.

आता दुसरी पिढी. महाराष्ट्र राज्य झाल्यावर कारभार मराठीत आणायचे ठरले. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ साली पदनाम कोश आला आणि १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला. मराठीत पत्रे जाऊ लागली म्हणजे मराठीत टंकलेखन करणारे हवेत. गावोगावी टायपिंग इन्स्टिट्यूट निघाल्या. देशी बनावटीचा गोदरेजचा टाइपरायटर १९५५ साली बाजारात आला होता आणि रेमिंग्टन तर आधीपासून होताच. एका लांबट खोलीत पंधरा-वीस यंत्रे एकदम खडखडत आहेत आणि दारातून शाईच्या फितीचा वास येतो आहे, हे दृश्य माझ्या पिढीने लहानपणी पाहिले आहे.

अब्बांनी १९६६ साली अशाच एका संस्थेत मराठी मिनिटाला तीस शब्द आणि इंग्रजी मिनिटाला चाळीस शब्द या परीक्षा दिल्या आणि त्या दोन कागदांच्या बळावर १९६७ साली नोकरीला लागले. कचेरीतले टंकलेखन म्हणजे काय ते आज सांगावे लागते. कागदाखाली कार्बन, त्याखाली पातळ कागद, पुन्हा कार्बन, असे चार-पाच थर. एक अक्षर चुकले की ते पाचही प्रतींवर चुकले. वरची चूक रबराने खरवडता येते, पण डाग राहतो. महत्त्वाचा कागद असेल तर पान काढून फेकायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायची, वर साहेबांची बोलणी खायची. त्या यंत्राने अब्बांना अचूकपणा शिकवला, तशी चुकीची भीतीही शिकवली.

मोठ्या वयाची माणसे संगणकाला हात लावायला का कचरतात, याचे उत्तर मला इथे सापडते. ती मठ्ठ असतात म्हणून नव्हे. ज्या जगात त्यांची नोकरी गेली त्या जगात चूक पुसता येत नव्हती. कळ दाबली की कागदावर ठसा उमटला. असा माणूस संगणकापुढे बसला की त्याला पहिला प्रश्न पडतो, ‘काही बिघडलं तर?’ तरुण मुलगा दहा ठिकाणी दाबून पाहतो, कारण त्याच्या अनुभवात कोणतीच चूक कायमची नाही.

या भीतीत दुसरी एक भीती मिसळली होती, पोटाची. आपल्या देशात संगणक आले ते विद्वानांच्या घरी. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत पन्नाशीच्या दशकात पहिला संगणक बसला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. तो मोठा अभिमानाचा विषय होता. पण हेच यंत्र कचेरीच्या दाराशी आले तेव्हा चित्र पालटले. आयुर्विमा महामंडळात साठच्या दशकात संगणक आणायचे ठरले तेव्हा कोलकात्याच्या कर्मचाऱ्यांनी मोठा लढा दिला. बँकांमध्ये तर १९८३ साली संघटनांशी करार झाल्यावरच यंत्रे आणण्याची वाट मोकळी झाली. आज आपण त्या माणसांना प्रगतीचे शत्रू ठरवून मोकळे होतो. त्यांना एकच गोष्ट दिसत होती. यंत्र येईल, पण आपल्याला ते शिकवणार कोण?

बराच काळ या प्रश्नाला उत्तर होते ते बाजाराचे. एनआयआयटी १९८१ साली सुरू झाली, ॲप्टेक १९८६ साली. मोठ्या शहरांत त्यांचे वर्ग निघाले. शुल्क भारी, शिकवणे इंग्रजीत आणि रोख प्रोग्रामिंग शिकून नोकरी मिळवू पाहणाऱ्या तरुणांवर. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. त्याच महाराष्ट्रात तालुक्याच्या कचेरीतला कारकून संगणकावर कापडी आच्छादन घालून त्याला हळद-कुंकू वाहत होता आणि त्याला हात लावत नव्हता.

साध्या माणसाला संगणकाचे साधे ज्ञान द्यावे आणि त्याची परीक्षा घेऊन दाखला द्यावा, ही कल्पना जगात रुजवली ती फिनलंडने. १९८८ साली तिथे एक प्रमाणपत्र सुरू झाले. त्याचे नावच ‘संगणकाचा वाहनपरवाना’ असे होते. गाडी चालवण्यासाठी इंजिन बनवता यावे लागत नाही, रस्त्याचे नियम आणि चाक-ब्रेक कळले की पुरते, असा त्यामागचा साधा विचार. १९९६ साली स्वीडनमधून तो युरोपभर पसरू लागला.

महाराष्ट्रात अशा दाखल्याला नाव मिळाले एमएस-सीआयटी. राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले. त्याने हा अभ्यासक्रम आखला आणि परीक्षा व प्रमाणपत्र महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचे, अशी व्यवस्था झाली. सरकारने स्वतः इमारती बांधल्या नाहीत. गावोगावी जे छोटे संगणकवर्ग होते, जिथे आधी टाइपरायटर खडखडत होते, त्यांनाच अधिकृत केंद्रे म्हणून मान्यता दिली. पुस्तके मराठीत आली. त्यामुळे जिल्ह्याला न जाता, तालुक्याच्या बाजारपेठेत, आपल्या भाषेत संगणक शिकता येऊ लागला. ही गोष्ट लहान नव्हती.

याला जोड मिळाली ती सरकारी हुकमाची. शासकीय कर्मचाऱ्यांना संगणक परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक झाले. मुदती दिल्या गेल्या, वाढवल्या गेल्या आणि शेवटी २००७ च्या अखेरपर्यंत आल्या. परीक्षा न दिल्यास वेतनवाढ रोखण्याची तरतूद होती. मग काय, संध्याकाळच्या तुकड्या भरून वाहू लागल्या. दहावी झालेली पोरे, नोकरी शोधणाऱ्या मुली आणि त्यांच्यामध्ये टोपी घातलेले ग्रामसेवक, शिक्षिका, पोलीस, परिचारिका, कारकून. एरवी हे लोक एका बाकावर बसण्याचे कारण नव्हते.

हुकमाने वर्ग भरतात, पण हुकमाने माणूस शिकतोच असे नाही. हेही मी पाहिले. कितीतरी जणांनी प्रश्नांची उत्तरे पाठ केली, परीक्षा दिली, दाखला सेवापुस्तकात लावला आणि दुसऱ्या दिवसापासून संगणकाचे काम कचेरीतल्या तरुण पोराकडे सोपवले. मीही काही वेगळा नव्हतो. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ तर वर्गाच्या पायऱ्यांपर्यंत येऊन तीन वेळा परत गेले. फी भरली होती. ‘पोरांसमोर नापास झालो तर?’ एवढेच ते म्हणत. त्यांची वेतनवाढ अडली. पैशाचे नुकसान त्यांनी सोसले, पण हसू व्हायची भीती त्यांना सोसवली नाही.

आता पुन्हा त्या पडदेवाल्या खोलीत येतो. आमच्या मॅडम जेमतेम बावीस वर्षांच्या होत्या. त्या अब्बांना ‘काका’ म्हणत आणि अब्बा त्यांना न चुकता ‘मॅडम’ म्हणत. पोरे हसली त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडमनी एक गोष्ट केली. त्यांनी अब्बांना विचारले, ‘काका, तुम्ही मशीनवर किती वर्षं होता?’ ‘सदतीस.’ ‘मग तुम्हाला यातलं निम्मं येतंच.’

त्यांनी पडदा दाखवला. हा डेस्कटॉप, म्हणजे तुमचं टेबल. हे फोल्डर, हे तुम्ही कपाटात लावायचा. ही फाइल. ही कचऱ्याची टोपली. शिफ्टची कळ तुमच्या यंत्रावर होती तीच. एंटर म्हणजे तुमचा तो डाव्या हाताचा दांडा, फक्त तो आता उजव्या करंगळीखाली आला आहे आणि ओळ संपली की गाडी आपोआप वळते, त्यामुळे तो परिच्छेदाच्या शेवटीच लागतो. अब्बा पुढे सरकून बसले. सदतीस वर्षे ज्या वस्तूंत काढली त्या सगळ्या तिथे काचेमागे मांडलेल्या होत्या.

आणि हे काही मॅडमनी समजूत घालण्यासाठी सांगितलेले नव्हते. तो इतिहासच आहे. इंग्रजी कळफलकाची मांडणी एकोणिसाव्या शतकातल्या रेमिंग्टन यंत्राची आणि शिफ्टची कळ त्याच कंपनीच्या १८७८ सालच्या यंत्राची. पडद्यावर टेबल, फाइल आणि फोल्डर मांडण्याची कल्पना झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी फुलवली आणि १९८१ साली त्यांनी ‘स्टार’ नावाचा संगणक विकायला काढला, तो कचेरीतल्या माणसांसाठीच. कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे या क्रियाही तिथेच लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केल्या. आधी या गोष्टी कात्री आणि डिंकानेच होत होत्या. म्हणजे ज्या यंत्राला कारकून भीत होता, त्या यंत्राची भाषा कारकुनाच्या टेबलावरूनच उचललेली होती. दादांना मराठी कचेरीत ‘मिसल’ आणि ‘नक्कल’ भेटले होते, तसेच अब्बांना संगणकात ‘फाइल’ आणि ‘कॉपी’ भेटले.

ई-मेलच्या धड्याला तर गंमत झाली. पत्त्याखाली ‘सीसी’ असे लिहिलेले होते. मॅडमनी सांगितले, याचा अर्थ कार्बन कॉपी. अब्बा इतक्या जोरात हसले की सगळा वर्ग वळून पाहू लागला. ‘कार्बन गया, नाम रै गया,’ ते म्हणाले. त्या रात्री जेवताना त्यांनी हे अम्मीला दोनदा सांगितले.

खरी परीक्षा मराठीची होती. त्या काळात संगणकावर मराठी लिहिणे हे मोठे त्रांगडे होते. सरकारने ठरवलेली इन्स्क्रिप्ट नावाची मांडणी होती, त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. अत्यंत सुटसुटीत, पण अब्बांच्या बोटांना पूर्ण परकी. ते तासभर धडपडले आणि हात मांडीवर ठेवून बसले. मॅडमनी मराठीच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये शोधाशोध केली. एका यादीत ‘टाइपरायटर’ असा पर्याय निघाला. कुणीतरी, कुठेतरी, जुन्या टंकलेखकांची आठवण ठेवून जुनी मांडणी तशीच आत ठेवून दिली होती. मॅडमनी ती निवडली आणि म्हणाल्या, ‘आता लिहा, काका.’

अब्बा लिहू लागले. ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की...’ न बघता, न थांबता, सरकारी मराठीचे अख्खे पत्र जावक क्रमांकासकट त्यांनी उतरवले. मागची पोरे उठून आमच्या पाठीशी येऊन उभी राहिली. एकाने विचारले, ‘काका, आम्हाला शिकवाल का?’ मध्येच एक अक्षर चुकले. अब्बांचा हात थबकला, जुन्या सवयीने त्यांनी श्वास रोखला. मॅडमनी कळ दाखवली. अक्षर गेले, डाग राहिला नाही. अब्बा त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. मग त्यांनी मुद्दाम एक अक्षर चुकवले आणि पुन्हा पुसले.

परीक्षा झाली. मला अब्बांपेक्षा चार गुण जास्त मिळाले आणि ज्ञान त्यांच्याकडे जास्त राहिले. मी दाखला कचेरीत दिला, वेतनवाढीची काळजी मिटली आणि निम्मे विसरलो. अब्बांनी दुसऱ्याच महिन्यात एक जुना संगणक घरी आणला. गल्लीतल्यांचे अर्ज लिहून देऊ लागले. पुण्याला असलेल्या माझ्या बहिणीला ई-मेल पाठवत आणि आम्हा सगळ्या भावंडांना त्यात ‘सीसी’ लावत. सरकारला त्यांना द्यायचे काही उरले नव्हते आणि त्यांच्याकडून घ्यायचेही. तरीही जे शिकले ते त्यांच्या कामाला आले.

यानंतरच्या वीस वर्षांत पुष्कळ पाणी वाहून गेले. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २००२ साली ‘अक्षया’ योजना सुरू झाली होती. घरटी निदान एका माणसाला संगणक शिकवायचा, असा तिचा बेत होता. २०१७ साली केंद्राने ग्रामीण भागासाठी डिजिटल साक्षरतेची मोठी योजना आणली, लक्ष्य सहा कोटी घरांचे, अभ्यासक्रम वीस तासांचा. ती २०२४ साली संपली. चांगल्या योजना होत्या. पण २०१७ च्या त्या योजनेत वयाची अट होती, चौदा ते साठ. बँक, निवृत्तिवेतन, हयातीचा दाखला, रुग्णालयाची नोंदणी या गोष्टी ज्यांच्या मागे सर्वांत जास्त लागतात, त्या साठीपुढच्या माणसांना बाकावर जागाच ठेवलेली नव्हती. गोदरेजने २००९ साली टाइपरायटर बनवणे थांबवले. २०१७ साली आपल्या राज्यात जुन्या टाइपरायटरवरची शेवटची परीक्षा झाली. अब्बांनी ती बातमी मोबाइलवर वाचली आणि मला पाठवली. सोबत एक शब्दही लिहिला नव्हता. २०१९ साली अब्बा गेले.

आता माझे स्वतःचे सांगून थांबतो. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. निजामकाळातली दप्तरे उघडली गेली आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची गरज पडली. ओळखीच्या एकाने मला हाक मारली. म्हणाला, ‘तुम्हाला उर्दू येतच असेल.’ माझे नाव पाहून त्याला तसे वाटणे साहजिक होते. पण माझे शिक्षण मराठी शाळेत झाले, बी. ए. मराठी घेऊन झालो, आयुष्यभर कविता मराठीत लिहिली. दादांच्या हस्ताक्षरासारखे ते शिकस्ता माझ्यापुढे ठेवले तेव्हा मला एक शब्द लागला नाही. त्यात कदाचित दादांनीच लिहिलेले काही असेल. मी ते उलटे धरले आहे की सुलटे, एवढेही मला खात्रीने सांगता येईना.

घरी येऊन दादांची वही काढली. पस्तीस वर्षांच्या एका माणसाने उर्दूतून मराठीत येण्यासाठी जी शिडी बांधली होती, ती मी एक्कावन्नाव्या वर्षी उलट्या बाजूने चढायला घेतली. त्यांनी जिथे बाळबोध अक्षराखाली बोट ठेवले असेल, तिथे मी समोरच्या उर्दू अक्षराखाली ठेवतो. माझी भाची बावीस वर्षांची आहे. ती मला मोबाइलवर उर्दू कळफलक लावून देते. माझ्या हातून उर्दू शब्दाची सुरुवात डावीकडूनच होते. ती हसत नाही. मात्र एकदा, माझ्याकडून फार वेळ लागला तेव्हा ती पटकन म्हणाली, ‘द्या इकडे मामू, मी करून देते.’

तिने ते प्रेमानेच म्हटले. पण ‘द्या इकडे’ हे शब्द मला लागले. कारण अब्बांच्या शेवटच्या वर्षांत, बँकेचा एखादा संदेश किंवा एखादा अर्ज भरताना त्यांना वेळ लागला की मीही हेच म्हणत असे आणि त्यांच्या हातातून मोबाइल घेत असे. ते काही न बोलता देऊन टाकत. माझे दोन मिनिटांचे काम होई. त्यांच्या हातातून काय जाई, याचा मी विचार केला नाही. त्या बावीस वर्षांच्या मॅडमना जे कळले होते ते पन्नाशीकडे झुकलेल्या मला कळले नव्हते.

तुमच्याही घरात असे कुणीतरी असेल. आई असेल, सासरे असतील, निवृत्त झालेले काका असतील. मोबाइल हातात घेऊन, चष्मा वर करून, एका बोटाने काहीतरी शोधत असतील. त्यांना उशीर लागेल. चूकही होईल. त्यांच्या शेजारी बसा. त्यांना आधी विचारा की आयुष्यभर काय काम केले आणि त्यातलेच काहीतरी या पडद्यावर शोधून दाखवा. ते सापडते. आणि मोबाइल त्यांच्याच हातात राहू द्या.

भाचीलाही मी हेच सांगितले. ती म्हणाली, ‘बरं मामू, तुम्हीच करा.’ आणि गाल हातावर टेकून माझे अलिफ, बे, पे पूर्ण होण्याची वाट बघत बसली.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)